सतरा नंबर

“सतरा नंबरला एवढं सांगू द्या, बाई. पाणी बदल म्हणावं,” नाना म्हणाले.

अभ्यास चालवणाऱ्या बाईंनी आलेखावरून नजर काढली नाही. “मागच्या वेळी तुम्ही असंच एकीला सांगून बसलात. कारखान्याच्या वकिलाने तेवढ्यावर कोर्टात अख्खा अभ्यास उडवला. विसरलात?”

नाना विसरले नव्हते. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस. नळ्यांवर आकडे चिकटवायचं काम त्यांचंच. कुठला आकडा कुणाचा, हे फक्त त्यांना ठाऊक आणि कपाटातल्या लाखबंद पाकिटाला.

साठ गरोदर बायकांचं रक्त होतं. चाळीस जणी कालव्याकाठच्या, कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं पाणी पिणाऱ्या. वीस जणी तुलनेसाठी, स्वच्छ पाण्याच्या. त्या जमवताना नाकी नऊ आले, तेव्हा ज्याने त्याने घरच्या लेकीसुनांचं रक्त आणून दिलं होतं. जनुकं आहेत तीच राहतात. पण कुठलं चालू, कुठलं बंद, हे ठरवणाऱ्या खुणा पाण्यातल्या आर्सेनिकने विस्कटतात. सतरा नंबरच्या सगळ्यांत जास्त विस्कटल्या होत्या.

“पोर पोटात आहे हो.”

“साठही जणींच्या पोटात आहे.” मग बाईंचा आवाज जरा मऊ झाला. “तुमचं कुणी आहे का त्यात?”

“माझं कुणी नाही.”

बाईंचा विश्वास बसला नाही. नानांची बहीण कालव्याकाठी राहते, हे सगळ्यांना माहीत होतं. माणूस चांगला, पण मायेपोटी पुन्हा बोलून गेला तर तीन वर्षांच्या कष्टांवर पाणी पडणार. कारखाना सुटणार, तो कायमचाच. त्यांनी नानांची भांडारात बदली केली आणि पाकीट फुटेपर्यंत तोंड उघडणार नाही असं लिहून घेतलं. असं करताना त्यांना वाईट वाटलं, तरी त्यांनी केलंच.

सही करता करता नाना थांबले. “लेकीला माहेरी घेऊन या की. सातवा ना?”

“ती कुठली यायला. नव्या घरात रमलीय. इमारतीची स्वतःची बोअर, पाण्याचीसुद्धा ददात नाही.”

“तरी आणा,” नाना म्हणाले आणि त्यांनी सही केली.

बाई हसल्या. चोंबडेपणा काही जात नाही यांचा, असं त्यांना वाटलं.

पंधरा दिवसांनी बाईंची लेक अवेळी बाळंत झाली. नातू काचेच्या पेटीत होता आणि डॉक्टर काहीच धड सांगत नव्हते. बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तरीही त्या आल्या, कारण पाकीट फोडायचा दिवस ठरलेला होता आणि साक्षीदार येऊन बसले होते. नाना दारात मान खाली घालून उभे होते.

“आधी सतरा काढू,” बाई म्हणाल्या. “नाना, आज तुम्हीच जा तिच्याकडे निरोप घेऊन.”

नाना जागचे हलले नाहीत.

बाईंनी लाख फोडली आणि सतराचा कागद काढला. वर ‘स्वच्छ गट’ असं होतं. खाली ‘नमुना आणणाऱ्याचं नातं’ या रकान्यात बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, आई.