झाकणाचा नमुना

परदेशातल्या कारखान्यातून थर्मास मागवून विकायचा धंदा नवऱ्याचा होता. ते गेल्यावर बाईंनी धंदा गुंडाळायचं ठरवलं आणि तसं सांगायला कारखान्याच्या मालकांना फोन लावला. मध्ये दुभाषी मुलगी होती.

"मालक म्हणतायत, नव्या झाकणाचा नमुना पाठवलाय, जाता जाता तेवढा बघून सांगा."

"अगं, मला त्यातलं काय कळतंय? सगळं हेच बघायचे."

पलीकडे दोघांचं काहीतरी बोलणं झालं. "मालक म्हणतायत, साहेबही दर वेळी हेच म्हणायचे. 'मला काही कळत नाही, घरी विचारून सांगतो.' मग त्यांचा फोन आला की आम्ही माल करायला घ्यायचो."

जेवताना ते एकेक नमुना हातात देऊन "कसा वाटतो?" विचारायचे, तेव्हा बाईंना वाटायचं, आपलं मन राखायला विचारतायत.

डोळे पुसून त्यांनी नमुन्याचं खोकं उघडलं, हात ओला केला आणि झाकण फिरवून पाहिलं.

"निसटतंय गं. कडेला खाचा पाडायला सांग. आणि मालकांना म्हणावं, हे सांगितलंत, फार उपकार झाले. माल नेहमीसारखा पाठवा."