परीक्षक क्रमांक दोन

जेवता जेवता बायकोने आपल्या शोधनिबंधावरचे शेरे मोठ्याने वाचायला घेतले आणि प्राध्यापकांचा घास हातातच राहिला. “परीक्षक क्रमांक दोन लिहितात, ‘ट्रान्सफॉर्मर कशाशी खातात हे लेखकाला ठाऊक नाही.’” ते वाक्य त्यांचंच होतं. ट्रान्सफॉर्मर बिघडण्याआधीच संगणकाने इशारा द्यावा, अशा विषयावरचा तो निबंध नियतकालिकाने लेखकाचं नाव झाकून त्यांच्याकडे तपासायला पाठवला होता. त्यांनी तो मनसोक्त झोडपला. “शिवाय सात निबंधांचे संदर्भ जोडायला सांगितलंय. सातही तुमचेच! केवढा चाहता हो तुमचा!” “असतात एकेक जाणकार,” प्राध्यापक पुटपुटले. “जोडते की.” त्यांचा जीव भांड्यात पडला, घास तोंडात गेला. “‘फसलेल्या पद्धती’ या मथळ्याखाली.” त्यांना ठसका लागला. “तू यावर काम करतेस, कधी बोलली नाहीस!” बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला. “दोन वर्षं रोज जेवताना सांगतेय.”