संगणकाचा पंखा

पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि अजून निम्मंही झालं नव्हतं. सुरभीनं पाळण्याकडे बघितलं. कार्तिक गाढ झोपला होता, मूठ गालाशी.

तिकडे हिंगणीपलीकडे, जंगलाच्या कडेच्या आरोग्य उपकेंद्रात रुपा बसली होती. आठवा महिना, पाय सुजलेले. वर्ध्याच्या डॉक्टर मॅडम तिला व्हिडिओवर बघणार होत्या. पण उपकेंद्राची व्हिडिओची जोडणी सेलूतल्या, सुरभीच्या या जुन्या संगणकातून पुढं जायची, आणि ती जोडणारं सॉफ्टवेअर सकाळीच बिघडलं होतं.

तेच ती नव्यानं घडवत होती. मूळ कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर आपणच बांधून काढायचा; त्यात जुन्या संगणकाला तासन्‌तास राबावं लागे. तयार फाइलही मिळत होती, दोन मिनिटांत बसणारी. पण ती दुसऱ्या कुणी बांधलेली. बाळंतपणानंतर हातात आलेलं हे पहिलंच काम. ते तरी अख्खं आपल्या हातचं असावं, एवढाच तिचा हट्ट.

फोन वाजला. उपकेंद्रातली रोशनी सिस्टर.

"ताई, होऊन राह्यलं का? मॅडम दुसरे पेशंट घेतो म्हणते. अन् रुपा म्हणते, मी घरीच जातो."

"तिले बसवून ठेव. जाऊ देऊ नको."

सुरभी क्षणभर ओळींकडे बघत राहिली. मग तिनं ते घडवणं मधेच थांबवलं. तयार फाइल उतरवली, बनवणाऱ्यांनी दिलेल्या खुणेशी ताडून बघितली. जुळली. मधे कुणी हात घातलेला नव्हता. बसवली. पडद्यावर जोडणीचा हिरवा दिवा लागला, तशी ती खुर्चीत मागे टेकली.

आणि कार्तिकनं सूर लावला.

सासूबाई, यशोदाबाई, कणकेच्या हातानंच बाहेर आल्या. "काऊन उठलं वं पोट्टं?"

"काय माहीत, आई. मी तर हूं की चूं केलं नाही."

"तेच तं. इतका वेळ तुह्या डब्ब्याचा पंखा घूं घूं करून राह्यला होता, तं झोपलं होतं. तो बसला, हे उठलं."

सुरभीनं पाळणा हलवला, थोपटलं, गुणगुणून पाहिलं. रडणं वाढतच गेलं. तेवढ्यात रोशनीचा बोलका निरोप आला: "दिसल्या मॅडम. बीपी बराबर आहे म्हणते, घाबरायचं काम नाई." मागे रुपा कशाला तरी हसत होती. सुरभीनं तो निरोप परत ऐकला, फक्त ते हसणं ऐकायला.

मग ती उठली आणि मघाचं अर्धवट काम पुन्हा चालू केलं. पंखा हळूहळू घुमायला लागला.

"झालं नं काम? मंग आता काय बनवून राह्यली?"

"तेच, आई. होऊ द्या सावकाश."

यशोदाबाई चहा घेऊन परत आल्या, तेव्हा कार्तिक झोपला होता, पाळण्याची दोरी सुरभीच्या हातात तशीच होती आणि मान टेबलावर. त्यांनी कप आवाज न करता खाली ठेवला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. वाचणारी मात्र झोपली होती.