नियमापुरता उजेड

"घरात राहणाऱ्या प्रत्येकाला समोरच्याचा चेहरा ओळखता येईल इतका उजेड खोलीत हवाच," वीजतपासनीस रेहानाने नियम सांगितला. "त्याशिवाय घर पास होत नाही."

मालनबाईंना हसू आलं. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली होती. "अगं पोरी, माझ्यासाठी सूर्य आणून टांगलास तरी घर नापासच व्हायचं. उगाच आम्हाला ताटकळत ठेवू नकोस. राहायला येऊ दे."

"नियम प्रत्येकासाठी आहे, मावशी. म्हणूनच तर भिंतीतलं वायरिंग नव्याने केलं." रेहानाने त्यांच्या कपाळावर एक मऊ पट्टी चिकटवली. आता भिंतीतल्या तारा खोलीचं चित्र डोळ्यांची वाट टाळून थेट मेंदूकडे पाठवणार होत्या. "बटण तुम्हीच दाबा."

मालनबाईंनी भिंत चाचपत बटण शोधलं. शेजारी त्यांचे यजमान, दादाराव, श्वास रोखून उभे होते.

बटण दाबल्यावर आधी नुसतं धुकं दिसलं. मग खिडकीची चौकट दिसली, पिवळी भिंत दिसली आणि त्या भिंतीपुढे उभा असलेला एक माणूस. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. तो चेहरा त्यांच्या बोटांना पाठ होता, पण त्यांनी तो पाहिला आज पहिल्यांदा. कितीतरी वेळ त्या बघतच राहिल्या.

"अहो, परवापर्यंत तर केस काळेभोर आहेत म्हणून सांगत होतात!"

दादाराव ओशाळले. "म्हटलं, तुला कोण सांगायला येतंय," एवढं बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. मालनबाई मात्र पोट धरधरून हसत होत्या. घर पास झाल्याचं रेहानाने दोनदा सांगितलं, पण ऐकायला तिथे सवड कुणाला होती!