पडद्यावरची हेमांगी

व्हिसाच्या खिडकीमागची बाई हेमांगीला काही विचारतच नव्हती. ती विचारत होती पडद्यावरच्या हेमांगीला. तिच्या आणि घरच्यांच्या सगळ्या नोंदींवरून यंत्राने बेतलेली, दहा वर्षांनी मोठी हेमांगी.

“तुमचा भाऊ शिकायला गेला, तो तिकडचाच झाला. तुम्ही परतलात?”

“परतले की. दुसऱ्याच वर्षी अण्णा गेले, छातीत कळ येऊन. दहाव्याला कशीबशी पोचले. मग आईला एकटं टाकून जाववेना.”

“शंका मिटली,” बाई म्हणाली. “व्हिसा मंजूर. निघायच्या दिवशी तोवरच्या नव्या नोंदी भरून हिला हेच पुन्हा विचारू. उत्तर बदललं, तर व्हिसा रद्द.”

बाहेर बाकावर अण्णा डबा उघडून बसले होते. “काय गं, अडवलं का?”

“नाही.”

“मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का? घे, वडा खा.”

तिने त्यांच्या हातातला वडा डब्यात ठेवून झाकण लावलं. “चला, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे.”

“अगं, मला काय धाड भरलीय?”

तोवर तिने रिक्षाला हात केला होता.