पायाचा अंगठा

"अंगठा वर आला," हौदाच्या काठावर साक्षीला बसलेला पांढऱ्या सदऱ्यातला पोरगा म्हणाला, आणि प्रितमचा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा वाया गेला.

प्रितम नाकातलं पाणी शिंकरत उभा राहिला. सहा फुटी धूड, आणि मोसंबीच्या बागेचा हौद लांबीला त्याच्यापेक्षा वीतभरच जास्त. डोकं बुडवलं की पाय तरंगायचे. जानेवारीतली सकाळ, वडीगोद्रीच्या शिवारात ऊन अजून नीट उतरलं नव्हतं, पोराचे ओठ जांभळे पडले होते.

कौसल्याबाई पंचा घेऊन काठाशी उभी होती. हौद तिचा, बाग तिची, नातूही तिचाच. हैदराबादेला नोकरी करता करता त्यानं मॉर्मन लोकांचं चर्च धरलं होतं. तिकडं बुडवायला चांगला फरशीचा हौद होता म्हणे, पण त्याचा एकच हेका, बाप्तिस्मा घेईन तर आज्जीसमोर. ती समोर उभी होती. हो म्हणाली नव्हती.

"एका अंगठ्यानं काय व्हतंय रे?"

"सगळं अंग पाण्याखाली जावं लागतं, आजी," एल्डर प्रसाद म्हणाला. तो प्रितमशेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. सोलापूरचा पोरगा, वय एकवीस. एल्डर ही चर्चच्या प्रचारकाची पदवी, म्हणजे वडीलधारा, हे कौसल्याबाईला कालच कळलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्या ओठावर मिशी शोधत होती.

"आमचा तर ओंजळभर पाण्यात केल्ता. मंग आमचा काय, कच्चाच राह्यला?"

प्रसादनं मान खाली घातली, पण खोटं बोलला नाही. "बाप्तिस्मा द्यायचा अधिकार देवानं एकाच चर्चला परत दिला, आजी. आमच्या."

"एकाच." कौसल्याबाईनं हौदाभोवती नजर फिरवली. "एवढ्या दुनियेत खरं चर्च एक, अन् ते सापडलं माझ्या मोसंबीत. अन् आमच्या मालकानं चाळीस वर्षं देवळाची घंटा वाजवली, ते बसले बाहीर?"

"त्यांनाही दार उघडं आहे. मेलेल्यांच्या नावानं आम्ही बाप्तिस्मा घेतो. हो म्हणायचं की नाही, ते त्यांनी तिकडं ठरवायचं."

"ते? जित्तेपणी एका हाकंला कधी हो म्हणले न्हाईत. बसा वाट बघत."

कुडकुडत्या प्रितमला हसू फुटलं.

खुर्चीवर शाल पांघरून सर्जेराव पाळक बसले होते. कौसल्याबाईच्या देवळाचे; गावातल्या आपल्या जुन्या चर्चला ती देऊळच म्हणायची. या पोरांना वादात गप्प करायला तिनंच त्यांना बोलावलं होतं, आणि ते आल्यापासून मांडीवर पवित्र शास्त्र उघडून संधीची वाट बघत होते.

"बाई, यांचं एक पुस्तक वेगळंच आहे," ते म्हणाले. "आपल्या शास्त्रात त्याचा पत्ता नाही. अमेरिकेतल्या एका टेकडीवर सापडलं म्हणे, सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेलं."

"मंग आपलं तरी कुठं अंबडला सापडलं, पाळकसाहेब?"

पाळकांनी शास्त्राचं पान उलटलं.

प्रसादनं पुन्हा हात वर केला, प्रितम शशिकांत साळवे असं पुरं नाव घेतलं, ठरलेले शब्द एकही न चुकता म्हटले आणि त्याला मागं निजवलं. पाणी काठावरून सांडलं. साक्षीला बसलेला पोरगा वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा रडवेला झाला.

"आला. उजवा."

सर्जेराव पाळक मांडीवर थाप मारून हसले. "पोरापेक्षा त्याच्या अंगठ्याला अक्कल जास्त, बाई. घरी न्या त्याला."

प्रितमनं पाळकांकडं बघितलंही नाही. "आज्जी, राहू दे का?" त्यानं विचारलं. "तू म्हणशील तसं."

एक हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. त्यासाठीच तर तिनं पाळकांना चहा पाजून इथवर आणलं होतं. पण पोराचे दात वाजत होते, अंगावर काटा उभा होता, आणि तरी बाहेर यायला त्यानं अजून काठाला हात लावला नव्हता.

कौसल्याबाईनं पंचा पाळकांच्या मांडीवर टाकला, थेट शास्त्रावर.

"धरा. माझ्या नातवाला हसायचं ते मी हसंल. तुमचं काम न्हाई ते."

चपला काढून तिनं पदर खोचला आणि ती हौदात उतरली. पाणी कमरेला लागलं तसा तिचा श्वास अडकला, तोंड मात्र चालूच राहिलं. "गुडघा मोड. माझ्याकडं काय बघून राह्यला, वर बघ. अन् तुम्ही, वडीलधारे, एवढं हळू काहून निजवता? पाळण्यात घालायलात का? जल्दी करा, लेकरू गारठलं." वासराचे धरावेत तसे तिनं प्रितमचे दोन्ही पाय बगलेत आवळले आणि सगळा भार देऊन खाली दाबले.

प्रसादनं शब्द म्हटले. प्रितम गेला. पाण्यावर बुडबुडे आणि कौसल्याबाईच्या पदराचं सुटलेलं टोक, एवढंच उरलं.

"सगळा," साक्षीला बसलेला पोरगा म्हणाला. "सगळा गेला खाली."

प्रितम वर आला तो आजीच्या गळ्यातच पडला. प्रसादचा चेहरा उजळला होता. तो दोन पावलं पुढं आला. "आजी, आता पाण्यात आलाच आहात, तर तुम्हीसुद्धा..."

कौसल्याबाईनं नातवाला बाजूला सारलं आणि दोन्ही हात अंबाड्यावर ठेवून ती मागं मागं सरकत काठाला टेकली.

"डोकं कोरडं हाय माझं," ती म्हणाली. "पाळकसाहेब, बघून घ्या. तुम्ही साक्षी."