त्यांच्या वाटची भाकरी

"लढाईत भाऊंनी हत्तीवरून उतरायलाच नको होतं!" पानिपतच्या ढाब्यासमोर ट्रक उभा करता करता सर्जेरावाने पुन्हा ठणकावलं. तासगावापासून द्राक्षांच्या पेट्यांबरोबर हा वादही गाडीत होता.

"डोळ्यांदेखत पुतण्या पडल्यावर तू बसून राहिला असतास? दगड आहेस!" बिरूने पिशवी उचलली. "मी रेल्वेने जातो घरी."

अकरा वर्षं दोघांनी मिळून गाडी चालवलेली. सर्जेरावाला त्याला अडवायचं होतं, पण तो खाली उतरून उगाच चाकं तपासू लागला.

"कुठले रे तुम्ही?" ढाब्यावरच्या म्हातारीने हिंदीत विचारलं.

"महाराष्ट्रातले."

ऐकताच तिने बिरूच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि दोघांपुढे बाजरीच्या भाकऱ्या नि लोणी ठेवलं. "आधी जेवा. तुमची माणसं इथे उपाशीपोटी लढली. तिकडचा कुणी दारात आला तर रिकाम्या पोटी धाडू नका, असं माझी आजी सांगायची."

दोघं जेवू लागले. चटणीची वाटी एकच होती; सर्जेरावाने ती बिरूकडे सरकवली.

"शेवटी माणूसच ते. उतरणारच," तो पुटपुटला.

बिरूने मान डोलावली आणि ताट पुढे केलं. "आजी, अजून एक वाढा. त्यांच्या वाटची."